छोट्या क्लबमध्ये बँड ऐकायला जाताना: वेळ, तिकीट, उभं राहायची जागा, कान आणि शेवटची लोकल

वरचा_सा

मुंबई-पुण्यात दीडशे-दोनशे माणसांच्या क्लबमध्ये जे बँड वाजवतात, इथले आणि बेंगळुरू, चेन्नई, दिल्ली, शिलाँगहून दौऱ्यावर येणारे, ते नियमित ऐकायचं ठरवलंय. नाटकाला तिसरी घंटा झाली की पडदा वर जातो. इथे पोस्टरवर ‘रात्री ८’ छापलेलं असतं आणि ८ वाजता स्टेजवर कोणीतरी वायरी गुंडाळत असतं. जाणकारांना विचारायचंय ते असं:

खरी वेळ कशी ओळखायची? एका जागी तिकीट ४९९ आणि दुसरीकडे ‘कव्हर’ १,५००, यात फरक काय आणि बँडच्या हाती यातलं काय लागतं? गायकाचे शब्द नीट ऐकू येत नाहीत, तो दोष आपल्या जागेचा की क्लबचा? कानांसाठी काय वापरायचं? कार्यक्रमानंतर लोअर परळहून डोंबिवली कशी गाठायची? आणि बहीण १९ वर्षांची आहे, तिला आत घेतील का?

मेटलपासून जॅझपर्यंत काहीही चालेल. ‘घरबसल्या यूट्यूबवर ऐका’ हा सल्ला कृपया नको.

---

दारावरचा

पहिले दोन प्रश्न आयोजनाच्या बाजूचे आहेत, तेवढ्यांची उत्तरं देतो.

पोस्टरवरची वेळ दार उघडण्याची असते, वाजवायची नव्हे. दोन बँड असतील तर हिशेब साधारण असा: दार ८ वाजता, पहिला बँड पावणेनऊ ते नऊच्या दरम्यान, त्याचा सेट ३० ते ४० मिनिटं, मग वीसेक मिनिटं सामानाची उचलठेव, मुख्य बँड दहाच्या आसपास आणि तो ६० ते ७५ मिनिटं. तीन बँड असले तर प्रत्येकाचा सेट आखडतो, शेवट फारसा पुढे सरकत नाही. शुक्रवारी-शनिवारी अकरानंतर बऱ्याच क्लबांत डीजेची रात्र असते आणि बारचा खरा धंदा तेव्हाच होतो. म्हणून शनिवारचा गिग (बँडचा कार्यक्रम) गुरुवारच्या गिगपेक्षा वेळ जास्त पाळतो. गुरुवारी मागून ढकलणारं कोणी नसतं, आयोजक ‘अजून थोडी माणसं येऊ देत’ म्हणत बसतो.

गच्ची किंवा अंगण असेल तर गणित बदलतं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. बारा वाजेपर्यंतची सवलत वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस, तीही सरकारने जाहीर केलेल्या दिवसांना, म्हणजे मुख्यतः गणपती-नवरात्र वगैरे. त्यामुळे उघड्यावरचा गिग सात-साडेसातला खरोखर सुरू होतो आणि दहाला गाण्याच्या मध्यातही बंद पडू शकतो. तिथे पहिल्या बँडने अर्धा तास उशीर केला की मुख्य बँडची चार गाणी गेलीच. शांतता क्षेत्र हा आणखी वेगळा विषय: रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटर. १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव जिथे गाजला त्या धोबीतलावच्या उघड्या रंगभवनातल्या मैफली याच नियमात अडकून थांबल्या. बंदिस्त, ध्वनिरोधक क्लबांना मुंबईत एवढं महत्त्व आलं त्यामागे हेही आहे.

खरी वेळ हवी असेल तर त्या दिवशी दुपारी इन्स्टाग्रामवरची स्टोरी पाहा, आणि ती पहिल्या बँडची पाहा. मुख्य बँड गाडीत नाहीतर विमानतळावर असतो. पहिला बँड बहुधा त्याच शहरातला असतो आणि मित्रमंडळी वेळेत यावीत म्हणून मिनिटासकट वेळ टाकतो.

आता तिकीट. ‘एंट्री ४९९’ म्हणजे नुसता प्रवेश. हे पैसे बँड, आयोजक आणि क्लब यांच्यात ठरलेल्या वाट्याने जातात. ७०:३० हा नेहमीचा आकडा, मोठा वाटा बँडचा. ४९९ हाच आकडा सारखा दिसतो त्याचं एक कारण कर: संगीताच्या कार्यक्रमाचं माणशी ५०० रुपयांपर्यंतचं तिकीट जीएसटीतून सुटतं. ‘कव्हर १,५००, पूर्ण रिडीमेबल’ म्हणजे तेवढ्याचं खाणंपिणं घ्या. हा पैसा बारचा. बँडला ठरलेलं मानधन असतं किंवा ‘प्रसिद्धी’ असते. शिवाय १,५०० च्या कव्हरमध्ये मेन्यूवरचं १,५०० चं येईलच असं नाही; कर वेगळे लागतात की त्यातच धरतात ते ऑर्डरआधी विचारा. आणि न वापरलेलं कव्हर परत मिळत नाही, त्यामुळे जेवून जाऊ नका.

तिकिटं डिस्ट्रिक्ट, बुकमायशो आणि स्किलबॉक्स या तिन्हींवर विखुरलेली असतात, एकावर नाही म्हणजे संपली असं समजू नका. अ‍ॅपवर शेवटच्या पायरीला सुविधा शुल्क चढतं. दारावर सहसा शे-दोनशे जास्त पडतात.

दौरे बहुतेक गुरुवार ते रविवार असतात आणि पुणे-मुंबई लागोपाठच्या दिवशी येतात, कारण सामान एकाच गाडीतून एक्सप्रेसवेने नेता येतं. मुंबईचं तिकीट गेलं तर पुण्याची तारीख पाहा. तिथे बहुधा मिळतं आणि पुढे उभं राहायलाही जागा असते.

---

फेडर_खाली

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: दोष दोघांचाही, पण जागा तेवढी तुमच्या हातात आहे.

दोनशे माणसांच्या खोलीत छत दहा-बारा फूट असतं. ड्रमकिटला तिथे माइकची गरजच नसते, स्नेअर (खणखणीत वाजणारा छोटा ड्रम) आणि झांजा नुसत्याच शंभर डेसिबलच्या वर जातात. गिटारचा अ‍ॅम्प (गिटारचा आवाज वाढवणारा स्पीकर) थेट खोलीत वाजतो. पीएमधून, म्हणजे प्रेक्षकांसाठीच्या स्पीकरमधून, मुख्यतः गळा, कीबोर्ड, थोडा किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बास जातो. आता स्टेजला चिकटून मधोमध उभे राहिलात तर ड्रम आणि अ‍ॅम्प तोंडावर येतात, आणि गळा ज्या स्पीकरमधून येतोय ते तुमच्या डाव्या-उजव्या बाजूने, डोक्यावरून मागच्या लोकांकडे वळलेले असतात. म्हणजे गायक चार फुटांवर आणि शब्द एक कळत नाही.

मग साउंड इंजिनिअर गळा वाढवत का नाही? कारण गायकाच्या मागे सहा फुटांवर झांज आहे. गळ्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर केला की त्याच माइकमधून झांजही वर येते. आणखी वाढवला की मॉनिटरचा (गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरचा) आवाज परत माइकमध्ये शिरून शिट्टी वाजते. हळू गाणारा गायक माइकपासून वीतभर लांब उभा राहिला तर जगातला कोणताही कन्सोल (फेडरांचा बोर्ड) त्याला वाचवू शकत नाही. ओठ माइकच्या जाळीला टेकवून गाणाऱ्यांचे शब्द कळतात, ते याचमुळे.

तर उभं कुठे राहायचं? ध्वनिकन्सोलच्या समोर, दोन-तीन पावलं पुढे. मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांचा मेळ, त्या जागेसाठी केलेलं असतं. काही क्लबांत कन्सोल जिन्याखाली किंवा बारच्या कडेला कोंबलेला असतो. तिथला इंजिनिअर टॅब्लेट घेऊन खोलीत फिरतो. तो मिक्स करताना जिथे थांबतो ती जागा धरा. टाळायच्या जागा: मागची भिंत आणि कोपरे (बास तिथे साठतो आणि सगळं गढूळ होतं), माळ्याच्या खालची जागा (वरचे सूर अडतात), आणि बारपासून दहा फुटांचा पट्टा. ब्लेंडर नेमका हळू गाण्यातच फिरतो.

बास कमी किंवा जास्त वाटला तर जागा लगेच सोडू नका, आधी एक-दोन पावलं सरका. ६० हर्ट्झच्या सुराची लांबी ५.७ मीटर. भिंतीपासून तिच्या पावपट अंतरावर, म्हणजे साधारण पावणेपाच फुटांवर, थेट आलेली लाट आणि भिंतीवरून परतलेली लाट एकमेकींना खातात. तिथे बास नाहीसा होतो आणि भिंतीला टेकलात की दुप्पट होतो. सबवूफर (बासचे स्पीकर) स्टेजच्या दोन्ही टोकांना असतील तर खोलीच्या बरोबर मधल्या रेषेत बास सगळ्यात भरीव.

पहिल्या दोन गाण्यांवरून मत बनवू नका. साउंडचेक रिकाम्या खोलीत झालेला असतो. माणसं भरली की वरचे सूर अंगांत आणि कपड्यांत मुरतात आणि इंजिनिअर ते पहिल्या दोन गाण्यांत भरून काढतो. पहिल्या बँडच्या बाबतीत तर जास्तच धीर धरा. साउंडचेक उलट्या क्रमाने होतो: मुख्य बँड चार-साडेचारला तासभर घेतो, पहिला बँड शेवटी, म्हणजे त्याचं सामान मांडलेलं राहतं. मुख्य बँडचं विमान उशिरा आलं की पहिल्याला मिळतात दहा मिनिटं, त्यात नुसता ‘लाइन चेक’: प्रत्येक वायरीतून आवाज येतोय ना, बस्स.

बँडच्या मधल्या वेळात काय चालतं हेही सांगतो, कारण तेव्हाच लोक कंटाळून बाहेर जातात आणि पहिलं गाणं चुकवतात. ड्रमचे मुख्य तुकडे क्लबचे असतात. प्रत्येक ड्रमर स्नेअर, झांजा आणि किकचं पेडल स्वतःचं आणतो. ते बदलायला सात-आठ मिनिटं. गिटारवाल्यांच्या पेडलच्या पाट्या (आवाजाचा पोत बदलायला पायाने दाबायची यंत्रं), त्यांना वीज. मग घूं असा आवाज सुरू होतो. अ‍ॅम्प एका सॉकेटवर आणि कन्सोल दुसऱ्यावर असला की अर्थिंगमध्ये फेरा तयार होतो आणि ५० हर्ट्झची घरघर पीएमधून येते. उपाय म्हणजे दोन्हींना एकाच बोर्डावरून वीज द्यायची किंवा डीआय बॉक्सवरचं (वाद्य कन्सोलला जोडणाऱ्या डबीवरचं) तो फेरा तोडणारं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबायचं. अर्थिंगची पिन तोडून ‘सोडवणारे’ महाभाग अजून आहेत. माइकला ओठ लावणाऱ्याला त्यातून जीवघेणा झटका बसू शकतो. मागच्या एलईडी भिंतीमुळे सिंगल कॉइल प्रकारची (आसपासचा विजेचा गोंगाट सहज पकडणारी) गिटार करकरते ती वेगळी; त्यावर गिटारवाल्याने दोन पावलं सरकून वळून उभं राहणं एवढाच तात्काळ उपाय.

शब्द अख्ख्या सेटभर कळले नाहीत तर दोन बँडच्या मध्ये इंजिनिअरला जागेसकट सांगा: ‘डावीकडे मागे गळा येत नाहीये’. उपयोग होतो. ‘आवाज वाढवा’ याचा होत नाही. आणि ग्लास कन्सोलवर ठेवू नका.

---

कर्णपटल

कानांचं. अमेरिकेच्या निऑश या संस्थेची मर्यादा अशी: ८५ डेसिबलला ८ तास, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी सुचवलेली वरची मर्यादा १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल आहे. छोट्या क्लबमध्ये पुढच्या भागात १०० ते १०५ ही नेहमीची गोष्ट. दोन बँड म्हणजे दोन तास, तेव्हा काहीतरी घालावंच लागतं.

स्पंजचे प्लग औषधाच्या किंवा सुरक्षासाहित्याच्या दुकानात वीस-तीस रुपयांना जोडी मिळतात, पाकिटावर २९ ते ३३ डेसिबल लिहिलेलं असतं. तो प्रयोगशाळेतला आकडा. प्रत्यक्षात निम्मा धरा, कारण बहुतेक लोक ते नीट घालत नाहीत. पद्धत अशी: कोरड्या, स्वच्छ बोटांत प्लग वळून बारीक काडीसारखा करा. दुसरा हात डोक्यामागून आणून कान वरच्या टोकाला धरून वर आणि मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते. प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवा. समोरून पाहणाऱ्याला प्लग बाहेर आलेला दिसत असेल तर तो बसलेला नाही. कापसाचे बोळे काही कामाचे नाहीत.

स्पंजमध्ये वरचे सूर जास्त दबतात, म्हणून सगळं गोधडीखालून ऐकल्यासारखं वाटतं. फिल्टरवाले प्लग (एटिमोटिक, लूप, अल्पाइन वगैरे) सगळे सूर बऱ्यापैकी सारखे कमी करतात, त्यामुळे शब्द उलट जास्त कळतात. दीड ते चार हजार रुपये, पण वर्षानुवर्षं चालतात. टोपणाचा आकार तीनपैकी कुठला बसतो ते घरी पाहा: घालून स्वतःशी बोला, आवाज डोक्यात घुमला तर बसला.

पहिला बँड सुरू होण्याआधी घाला, कान दुखायला लागल्यावर नव्हे. मध्ये दहा-पंधरा मिनिटं बाहेर जाऊन या. घरी आल्यावर कान वाजले, दडे बसल्यासारखं वाटलं, तर ती थकव्याची खूण आणि बहुधा सकाळपर्यंत जाते. चोवीस तासांनंतरही वाजतच राहिला, किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे लगेच जा, सोमवारची वाट पाहू नका. अचानक गेलेल्या श्रवणावर स्टेरॉइडचा उपयोग होतो तो लवकर सुरू केल्यास.

आवाज मोजायचा असेल तर निऑशचं मोफत अ‍ॅप आयफोनवर आहे, बऱ्यापैकी खरं सांगतं. अँड्रॉइडवरच्या अ‍ॅपांचे आकडे फोनागणिक बदलतात, त्यांवर फार विसंबू नका.

---

डबल_किक

वरच्या प्रतिसादातलं जवळपास सगळं मान्य, पण फिल्टरवाल्यांचं इतकं कौतुक मेटलला लागू नाही. साधा हिशेब करा. पुढच्या रांगेत १०३ डेसिबल, फिल्टरने खरे १२ कमी केले, राहिले ९१, म्हणजे दोन तासांची मर्यादा. तीन बँड असले की संपली. नीट बसलेला स्पंज खरे १६-१८ काढतो, म्हणजे ८५-८७. गोधडी तर गोधडी. किकचा धक्का छातीवर बसतो, त्याला कान लागत नाहीत.

आणि कन्सोलजवळ उभं राहणं हे पोस्ट-रॉक आणि जॅझवाल्यांसाठी ठीक आहे. हार्डकोअर, मेटलला पुढे जायचं तर मॉशपिटचे (धक्काबुक्की करत नाचणाऱ्यांच्या रिंगणाचे) नियम पाळायचे. पिट साधारण स्टेजपासून दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपासून मधोमध उघडतो; नको असेल तर कडेने, स्पीकरच्या रेषेबाहेर पुढे जा. बुटाच्या नाड्या दुहेरी गाठीने बांधा, चष्म्याला दोरी लावा नाहीतर तो खिशात ठेवा, पाठीवरची सॅक अजिबात नको. चेन असलेली छोटी बॅग छातीशी. कोणी पडलं की आधी उचलायचं, मग बाकीचं. ज्याला नको आहे त्याला ओढायचं नाही. दहा फुटी छताखाली स्टेजवरून उडी मारू नका, वर लोखंडी पाइप आणि तापलेले दिवे असतात. आणि फोन वर धरून अख्खं गाणं काढणाऱ्यांनी मागे जावं, हे वैयक्तिक मत नाही, पिटमध्ये तो फोन तसाही जातो.

---

शेवटची_कर्जत

डोंबिवलीचं. लोअर परळच्या गिरणी-आवारांतून पश्चिम रेल्वेचं लोअर परळ आणि मध्य रेल्वेचं करी रोड, दोन्ही चालत गाठता येतात. करी रोडला फक्त धीम्या गाड्या थांबतात, पण एवढ्या रात्री बहुतेक गाड्या धीम्याच असतात, तेव्हा दादरला जाऊन गाडी बदलण्यात वेळ वाचेलच असं नाही. करी रोडवरून थेट बसा.

एम-इंडिकेटर या लोकलच्या वेळापत्रकाच्या अ‍ॅपवर आधीच दोन गाड्या पाहून ठेवा: शेवटची आणि तिच्या आधीची. निघायचं आधीच्या गाडीच्या हिशेबाने, शेवटची राखीव. आणि ‘शेवटची’ म्हणताना पाटी वाचा. मध्यरात्रीनंतरच्या काही गाड्या कुर्ला किंवा ठाण्यापर्यंतच असतात. डोंबिवलीसाठी कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, कर्जत, टिटवाळा, आसनगाव, कसारा यांतलं काहीतरी हवं. ठाण्याला उतरून रिक्षा हा पर्याय आहे, पण मध्यरात्री ते पहाटे ५ मीटरवर पाव पट जास्त भाडं. शनिवारी मध्यरात्री कधीकधी ब्लॉक असतो आणि शेवटच्या गाड्याच रद्द होतात. रेल्वे ते एक-दोन दिवस आधी जाहीर करते, शनिवारचं तिकीट काढताना नाही तरी शुक्रवारी संध्याकाळी बघाच. महिला डब्यात रात्री पोलीस असतो. बहीण बरोबर असेल तर तिने त्याच डब्यात बसावं आणि कोणत्या स्टेशनला भेटायचं ते चढण्याआधी ठरवावं.

पुण्यात कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, मुंढवा इथून रात्री साडेअकरानंतर बसच्या भरवशावर राहू नका, मेट्रोही अकराच्या सुमारास आवरते. उरते रिक्षा किंवा कॅब, आणि गिग सुटल्याबरोबर दोनशे लोक एकाच वेळी अ‍ॅप उघडतात म्हणून भाव चढतो. शेवटच्या गाण्यानंतर वीस मिनिटं आतच थांबा, टी-शर्ट बघा, मग गाडी बोलवा. किंवा क्लबच्या दारातून न बोलावता मुख्य रस्त्यापर्यंत चालत जाऊन बोलवा, गल्लीत शिरायला चालक नाही म्हणतात.

---

दारावरचा

वयाचं राहिलं होतं. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१, बाकी मद्यासाठी २५ पूर्ण लागतात. यावरून बरेच क्लब दारावरच २१ ची अट लावतात, पिणार नाही म्हणून सांगितलं तरी. काही गिग १८ पासून खुले असतात आणि मनगटावर वेगळ्या रंगाची पट्टी बांधतात. तिकिटाच्या पानावर तळाशी ‘वयोमर्यादा’ अशी ओळ असते, ती वाचा आणि तरी क्लबला फोन करून विचारा, कारण ते पान आयोजक भरतो आणि दारावरचा माणूस क्लबचा असतो. ओळखपत्र मूळ किंवा डिजिलॉकरमध्ये उघडून दाखवलेलं. गॅलरीतला फोटो चालत नाही.

१९ व्या वर्षी बिनघोर जाता येईल असं: महालक्ष्मीच्या जी५ए सारखे प्रायोगिक रंगमंच, कॅफे आणि स्टुडिओतले बसून ऐकायचे गिग, कॉलेजांचे महोत्सव. डिसेंबरात आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोमध्ये लाइव्हवायर ही बँडस्पर्धा असते. एका दिवसात बरेच नवे बँड ऐकून होतात.

---

वरचा_सा

सगळ्यांचे आभार, इतकं सविस्तर अपेक्षित नव्हतं. एक उपप्रश्न. बँडला पैसे पोचावेत असं वाटत असेल तर तिकीट, टी-शर्ट की गाणं विकत घेणं, यातलं कशाने जास्त पोचतात?

---

तिसरी_तार

दौऱ्यावरच्या बँडला सगळ्यात जास्त टी-शर्टने. हिशेब असा. समजा ४९९ ची १२० तिकिटं गेली. झाले ५९,८८०. सत्तर टक्के वाटा म्हणजे सुमारे ४२,०००. त्यातून पाच वादक आणि एक इंजिनिअर यांचं येणं-जाणं, दोन खोल्या, पहिल्या बँडचं मानधन, विमानाने आले तर गिटार-झांजांच्या जादा वजनाचे पैसे. बेंगळुरूहून आलेल्या बँडकडे बहुधा काही उरत नाही, तिकिटाने फक्त दौरा शक्य होतो. शर्टाचं उलट आहे: २०० जीएसएम (कापडाच्या वजनाचं माप) सुती, एका रंगाची स्क्रीन छपाई, पन्नासची खेप, तर नग साधारण अडीचशे-तीनशेला पडतो आणि सातशे-आठशेला विकतात. मधला फरक थेट बँडच्या डब्यात.

गाणं विकत घ्यायचं तर बँडकॅम्प या वेबसाइटवर. ते डिजिटलवर १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के कापतात. २०२० पासून ठरावीक शुक्रवारी स्वतःचा वाटा सोडतात, त्या दिवशी घ्या. स्ट्रीमिंगवर भरवसा नको. स्पॉटिफायवर २०२४ पासून ज्या गाण्याला १२ महिन्यांत हजार स्ट्रीम होत नाहीत त्याला रॉयल्टीच नाही.

शर्ट मुख्य बँडच्या आधी घ्या, नंतर एम आणि एल संपलेले असतात आणि उरतात एस नाहीतर तिहेरी एक्सएल. माप लेबलवर न पाहता अंगातल्या शर्टावर ठेवून पाहा. विकायला बसलेला माणूस बहुधा बँडचाच कोणीतरी असतो, त्याला फोनचा दिवा दाखवा, तिथे अंधार असतो.

---

पावसाळी_मँचेस्टर

इंग्लंडात असलेल्या मंडळींसाठी थोडी भर. इथे दार साडेसात, पहिला बँड आठ, मुख्य बँड सव्वानऊ आणि साडेदहा-अकराला पूर्णविराम, आणि हे खरंच पाळतात. वेळा त्या दिवशी क्लबच्या पानावर येतात. डाइस अ‍ॅपच्या तिकिटाचा कोड शोच्या काही तास आधीच उघडतो, स्क्रीनशॉट चालत नाही, फोन चार्ज ठेवा. पंचविशीच्या आतले दिसत असाल तर बारवर वय विचारतात. पासपोर्ट किंवा इथलं लायसन्स लागतं, आधार कार्ड दाखवून उपयोग नाही. कोट ठेवायला दोन-तीन पौंड, थंडीत ते द्याच, आत घाम फुटतो.

शर्टाच्या विक्रीत मोठी सभागृहं वाटा मागतात, काही ठिकाणी २५ टक्के. ज्या जागा मागत नाहीत त्यांची यादी फीचर्ड आर्टिस्ट्स कोअलिशन या कलाकारांच्या संघटनेने २०२२ पासून ठेवली आहे. छोटे क्लब बहुतेक त्या यादीत सापडतात.

---

वरचा_सा

तळघरातल्या क्लबमध्ये यूपीआय चालतं का? शर्ट घ्यायचा आणि नेटवर्क नाही असं नको.

---

तिसरी_तार

बऱ्याचदा चालत नाही. तळघर, जाड भिंती, आणि दोनशे फोन एकाच टॉवरवर. आत शिरण्याआधी रस्त्यावरच यूपीआय लाइट चालू करून त्यात थोडे पैसे टाकले तर पिन टाकायचा वेळ वाचतो, पण नेटवर्क तरीही लागतंच. म्हणून पाचशेच्या दोन नोटा आणि शंभराच्या चार जवळ ठेवा. पाचशेच्याच नोटा आणू नका, सातशेच्या शर्टाला तीनशे परत द्यायला स्टॉलवर सुटे कधीच नसतात.